तिसरं अक्षर

१

दुपारचे तीन. लख्ख ऊन, सरळसोट रस्ता आणि पांढऱ्या पट्ट्यांवरून पलीकडे निघालेली एक शिक्षिका. शाळेत चित्रकला शिकवायची. वय चौतीस. बस आली आणि थांबलीच नाही.

दुसऱ्या दिवशी बसचे ब्रेक तपासले, ते ठणठणीत निघाले. ड्रायव्हर दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. त्याचा फोन डब्याच्या पिशवीत बंद होता. आणि दोनच महिन्यांपूर्वी डेपोच्या दवाखान्यात त्याचे डोळे तपासून 'उत्तम' असा शेरा मारलेला होता.

"डोळे चांगले, गाडी चांगली, म्हणजे माणूस वाईट," आमचे साहेब म्हणाले. "दिसत असून गाडी घातली, असा अहवाल द्या. तीन दिवसांत उरका."

साहेबांचा हिशोब असा सोपा असतो. त्या हिशोबानं ड्रायव्हर जन्माचा आत जाणार होता.

मी बस कंपनीच्या चौकशी विभागातला टायपिस्ट. चौकशी करतात त्या आमच्या बाई. वय सत्तावन्न, चालणं भरभर, बोलणं कमी. त्या हातानं लिहितात आणि मी टाइप करतो, नऊ वर्षं हेच चाललंय. बाईंचं अक्षर म्हणजे माझ्या कर्माची फळं. 'घ' काढताना त्या सुरुवातीलाच एक झोकदार गाठ मारतात आणि वरची रेघ अर्ध्यात सोडतात. पहिल्याच आठवड्यात मी 'प्रवाशाच्या डोक्याला घाव' याचं 'प्रवाशाच्या डोक्याला धाव' करून ठेवलं होतं. साहेबांनी विचारलं, डोकं धावलं कुठं? तेव्हापासून बाईंचा प्रत्येक ध मी दोनदा वाचतो.

पण माझे वडील शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा माझे अकरा अहवाल याच बाईंनी दोन बोटांनी टाइप केले, खाली माझी सही ठोकली आणि कुणाला कळू दिलं नाही. त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मला खपत नाही.

आम्ही डेपोला निघालो तेव्हा बाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते त्या शिक्षिकेचे वडील. उठून उभे राहिले.

"मला भरपाई नको, काही नको," ते म्हणाले. "एवढंच सांगा. त्यानं तिला पाहिलं होतं का?"

बाई म्हणाल्या, "तीन दिवसांनी सांगते." आणि म्हाताऱ्यांनी मान हलवून पुन्हा बाकावर बसकण मारली, जणू तीन दिवस तिथंच बसणार होते.

२

ड्रायव्हर चाळिशीचा, अंगानं भरलेला, पण खुर्चीच्या टोकावर असा बसला होता की कुणी फुंकर मारली तरी पडेल.

"चूक माझी," तो म्हणाला. "लिहून घ्या."

"तुला ती दिसली होती?" बाईंनी विचारलं.

"माझे डोळे चांगले आहेत."

"मी डोळ्यांचं नाही विचारलं."

त्याच्या तोंडाला कुलूप. मग बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मी पुढं होते. दहा मिनिटांनी तू दवाखान्यात ये. एकदा तक्ता वाचून दाखव, सुटलास."

दवाखान्याची खोली लांबट होती. एका टोकाला भिंतीवर अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला जमिनीवर रंगानं मारलेली रेघ. डोळे तपासणाऱ्या इसमाला सगळा डेपो 'डोळेमास्तर' म्हणतो. बाईंना बघून तो कसनुसा हसला. "या. पूर्वी याच खिडकीशी बसायचात ना तुम्ही? कारकून होता तेव्हा?"

"बावीस वर्षं झाली," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरचा तक्ता काढून मला दिला आणि त्याच खिळ्याला टेबलामागचं कॅलेंडर अडकवलं. आकार साधारण तेवढाच. डोळेमास्तर काहीतरी बोलणार होता, बाईंनी नुसतं बघितलं आणि तो गप्प झाला.

ड्रायव्हर आला, रेघेवर उभा राहिला, समोर बघितलं.

"शेवटची ओळ," बाई म्हणाल्या.

"र, फ, ध, ट, ल, ण," ड्रायव्हरनं न अडखळता म्हटलं.

समोर महिन्याच्या तारखा होत्या. एकही अक्षर नव्हतं. त्याला कॅलेंडर आणि तक्ता यातला फरकसुद्धा दिसत नव्हता.

मला हसू फुटायला हवं होतं, पण फुटलं नाही. मी हातातला तक्ता बघितला. शेवटची ओळ होती: र, फ, घ, ट, ल, ण.

"पुन्हा म्हण," बाई हळूच म्हणाल्या. "तिसरं अक्षर कुठलं?"

"ध. धरणातला ध."

बाई लिहीत होत्या. त्यांचं पेन कागदावर तसंच थांबलं.

३

ड्रायव्हरला बाहेर पाठवून बाई डोळेमास्तराकडे वळल्या. तो घामानं निथळत होता.

"सहा अक्षरांत एक चूक माफ," तो घाईघाईनं म्हणाला. "नियमच आहे. ध म्हणाला तरी पास. आणि माणूस तोंडानं म्हणेल तेच अक्षर फॉर्मवर लिहायचं, हाही नियम. मी कधी एक अक्षर बदललं नाही. काढून बघा."

हे मात्र खरं निघालं. ज्या माणसानं बाकी सगळ्याकडे पाठ फिरवली होती, त्यानं तेवढा एक नियम इमानानं पाळला होता. बाईंनी बावीस वर्षांचे गठ्ठे मागवले. दर दोन वर्षांना एक गठ्ठा.

"तो एकटा असता तर त्याची चूक त्याची असती," त्या मला म्हणाल्या. "पण ज्याला दिसतं तो कधी ट चुकेल, कधी ल, कधी काहीच नाही. घोकून आलेला माणूस मात्र शिकवणाऱ्याचीच चूक बोलतो. ध म्हणणारे वेगळे काढ."

आम्ही दिवसभर जमिनीवर बसून कागद वाटत होतो. यंदाच्या गठ्ठ्यात एकशे एकेचाळीस फॉर्म. ध म्हणणारे एकशे एकोणचाळीस.

माझा विश्वासच बसेना. "एवढे आंधळे लोक बस चालवतात?"

"आंधळे नाहीत," बाई म्हणाल्या. "पुढं बघ."

चार वर्षांपूर्वी सत्त्याण्णव. दहा वर्षांपूर्वी चाळीस. मागं जाऊ तसा ढीग आटत गेला. अकरा, मग तीन. सगळ्यात जुन्या गठ्ठ्यात फक्त एक. मी नाव वाचलं, माझ्या ओळखीचं नव्हतं. कुणी निवृत्त ड्रायव्हर होता.

"सापडला!" मी म्हटलं. "पहिला हाच. यानंच बाकीच्यांना बिघडवलं."

बाईंनी तो कागद माझ्या हातातून घेतला नाही. नुसता लांबून बघितला.

"त्याच्याकडे मी एकटी जाऊन येते," त्या म्हणाल्या. "तू येऊ नकोस."

नऊ वर्षांत त्यांनी मला कधी मागं ठेवलं नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. मी विचारलं नाही. त्यांनीही पहिल्या माणसाबद्दल अवाक्षर काढलं नाही, सरळ पुढचा माणूस बोलावला. ती डेपोतली सगळ्यात तरुण ड्रायव्हर. चुणचुणीत पोरगी. बाईंनी खिडकीबाहेरच्या एका बसची पाटी वाचायला सांगितली. तिनं पाटी वाचलीच, वर टायरवरचा नंबरही सांगितला.

"मग तपासणीत तू ध का म्हणालीस?"

ती ओशाळली. "मला घ दिसत होता, बाई. चक्क दिसत होता. पण सगळे ध म्हणतात. टाइमकीपर म्हणाले, उत्तर ध आहे. मला वाटलं, मी घ म्हटलं तर नापास करतील."

"डोळे असून?"

"डोळे असून," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

टाइमकीपर म्हणजे ड्युट्या लावणारा माणूस. रडूबिडू येणाऱ्यातला तो नव्हता. "मी कुणाच्या डोक्यावर बंदूक ठेवली होती का?" तो म्हणाला. "ज्याला ओळ हवी त्यानं सुट्टीच्या दिवशीची ड्युटी घ्यायची. मला माणसं मिळत नव्हती, त्यांना पास व्हायचं होतं. मी नाही सुरू केलं. मी आलो तेव्हा चालूच होतं."

"तुला कुणी सांगितली?"

"कुणी म्हणजे? इथं ती हवेतच होती."

डोळेमास्तराला बाईंनी पुन्हा विचारलं की पहिल्यांदा डोळेझाक कधी केली. तो पट्ट्याच्या बकलाशी चाळा करत म्हणाला, "एक जण अडला होता. पाठ करून आलाय हे मला कळलं. घरी लहान मुलं. म्हटलं, जाऊ दे. मग दुसरा म्हणाला, त्याचं चालतं मग माझं का नाही? आता त्याला मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार, तुम्हीच सांगा. तिसऱ्यानं तर विचारलंही नाही."

बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग वही मिटून म्हणाल्या, "अपघात केलेल्या ड्रायव्हरला ओळ टाइमकीपरनं दिलेली नाही. टाइमकीपर ओळ दिली की सुट्टीची ड्युटी लावतो, आणि याच्या नावावर गेल्या दोन वर्षांत तशी एकही ड्युटी नाही. त्याला ओळ फुकट मिळाली. फुकट कोण देतं?"

"घरचं माणूस," मी म्हटलं.

"म्हणून तो तोंड उघडत नाही," बाई म्हणाल्या.

५

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ड्रायव्हरच्या घरी गेलो. त्याचा सासरा त्यांच्याच घरात राहत होता. तोही याच डेपोचा जुना ड्रायव्हर. दोन खोल्यांचं घर, खिडकीत वाळत घातलेला युनिफॉर्म. ड्रायव्हरची बायको बाईंना बघून स्वयंपाकघरात गेली आणि तिथं हुंदके द्यायला लागली. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. बाहेरच्या खोलीत मी आणि म्हातारा राहिलो.

"जावयाला मीच शिकवली ओळ," म्हातारा आपणहून म्हणाला. "लग्नानंतर त्याची नजर उतरत गेली. चष्म्यानंही भागेना. स्टिअरिंगवरून काढलं असतं तर झाडू मारायला लावलं असतं. माझ्या लेकीनं काय तोंड दाखवायचं? म्हटलं, मला उपयोगी पडली, याला पडेल. मी अकरा वर्षं चालवली, साधा ओरखडा नाही आला हो कुणाला!"

"तुम्हाला कुणी दिली?"

"दोस्तानं. त्याला त्याच्या घरच्या कुणी लिहून दिली होती. त्याचं काम झालं, त्यानं तीच चिठ्ठी मला दिली." म्हाताऱ्यानं लायसन्सचं जुनं पाकीट काढलं आणि त्याच्या मागच्या कप्प्यातून एक घडी बाहेर ओढली. "बघा. जपून ठेवलीय. पोट तिच्यावर चाललं ना."

घडीवर कागद झिजला होता, पण शाई वाचता येत होती. सहा अक्षरं. तिसऱ्याच्या सुरुवातीला झोकदार गाठ आणि वरची रेघ अर्ध्यात सोडलेली.

जगात कुणीही त्याला ध म्हणालं असतं. मी सोडून. तो घ होता. नऊ वर्षं मी तो रोज वाचत होतो.

स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज येत होता, त्या ड्रायव्हरच्या बायकोला पाणी पी म्हणत होत्या. मी चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्या खिशात टाकली.

"आजोबा," मी म्हटलं, "ही तुमच्याकडे होती हे कुणाला सांगू नका. तुमच्याच अंगाशी येईल."

खोटं बोलणं इतकं सोपं जाईल असं मला वाटलं नव्हतं. बाई बाहेर आल्या, मला बघून म्हणाल्या, "काही कागद मिळाला?"

"नाही," मी म्हटलं.

६

ऑफिसात आल्यावर बाईंनी दार लावलं. माझ्यासमोर बसल्या. साहेबांना अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी हवा होता.

"मिळायला हवा होता," त्या म्हणाल्या. "दादा म्हणाला, चिठ्ठी त्यानं त्या म्हाताऱ्यालाच दिली होती."

"कोण दादा?"

"माझा थोरला भाऊ. सगळ्यात जुन्या गठ्ठ्यातला तो एकटा कागद."

बाईंचं आडनाव लग्नात बदललं, मला कसं कळणार होतं?

"ड्रायव्हरनं 'धरणातला ध' म्हटलं तेव्हाच मला समजलं," त्या म्हणाल्या. "तक्त्यावरचा घ लांबूनसुद्धा ध दिसत नाही. छापील आहे, रेघ पूर्ण आहे. ती चूक डोळ्यांची नव्हतीच. ती हाताची होती, आणि असा हात मला एकच माहीत आहे."

मग त्या सांगत गेल्या. वडील लवकर गेले. दादा अठराव्या वर्षी ट्रकवर चढला, या धाकट्या बहिणीच्या शाळेसाठी, मग कॉलेजसाठी. पुढं तो बसवर लागला, ती दवाखान्यात कारकून झाली. एक दिवस तो खिडकीशी आला आणि म्हणाला, बाळे, एका डोळ्यात पडदा आलाय, ऑपरेशनला दोन महिने आहेत, तपासणी सोमवारी आहे. त्यानं मागितलं काहीच नाही. तिनं जेवणाच्या सुट्टीत तक्त्यासमोर उभं राहून ओळ उतरवून घेतली.

"दोन महिन्यांनी ऑपरेशन झालं. डोळा बरा झाला. त्यानं पुढं बारा वर्षं चालवली, कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. मी ते विसरूनही गेले होते रे. चांगलं काम म्हणून विसरले होते." त्यांनी दाराकडे बोट केलं. "त्या मुलीचे वडील तिथं बाकावर बसलेत. मी त्यांच्यापुढून रोज येते-जाते."

मी खिशात हात घातला आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

बाईंनी ती लगेच उचलली नाही. "कधीपासून आहे?"

"सकाळपासून."

"फाडणार होतास?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी," मी म्हटलं आणि मला लाज वाटली. खरं सांगायचं तर लाज चिठ्ठी लपवल्याची नव्हती. लपवताना एकदाही वाईट वाटलं नव्हतं, त्याची होती.

बाई माझ्याकडे बघत होत्या. "मीही दादासाठीच लिहिली होती," त्या म्हणाल्या.

७

त्या संध्याकाळी बाई बाकाशी गेल्या. मला सोबत यायला सांगितलं. म्हातारे गृहस्थ उठायला लागले, बाईंनी त्यांना बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

"त्यानं पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्याला दिसतच नव्हतं. हे त्याच्या घरच्यांना माहीत होतं, डोळे तपासणाऱ्याला माहीत होतं. तपासणीत पाठ ओळ म्हणतात हे डेपोतल्या एकशेचाळीसेक माणसांना माहीत होतं. तरी सगळ्यांनी मिळून त्याला गाडी चालवू दिली."

म्हातारे म्हणाले, "म्हणजे तिला कुणी मारावं असं कुणाच्याच मनात नव्हतं."

"नव्हतं."

"मग मी रागवू कुणावर? मला रात्रंदिवस तेवढंच एक काम उरलंय. एकशे चाळीस माणसांवर कसं रागवतात, बाई?"

"माझ्यापासून सुरुवात करा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चिठ्ठीबद्दल सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, दादाच्या ऑपरेशनबद्दलही सबब म्हणून एक शब्द काढला नाही. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं. शिवी दिली नाही. उठले, काठी शोधली आणि बाईंकडे न बघता निघून गेले. बाई बाकावर एकट्या बसून रडल्या. मी त्यांच्यासाठी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही.

सकाळी त्यांनी अहवाल लिहून दिला. ड्रायव्हरचा दोष त्यात होता, पण जाणूनबुजून गाडी घातल्याचा आरोप टिकत नाही असं कारणांसकट लिहिलं होतं. सगळे गठ्ठे, सगळ्यांच्या जबान्या आणि चिठ्ठी सोबत जोडायची होती. पहिला दोष स्वतःचा, म्हणून पहिलं नाव त्यांचं. दुसरं दादाचं. दादानं फोनवर सांगितलं होतं की माझं नाव घातलंस तर आपलं नातं संपलं. तरी ते होतं.

चिठ्ठीबद्दल एकच वाक्य होतं: 'ड्रायव्हरच्या सासऱ्यांकडून प्राप्त.'

मी थांबलो. सकाळपासून दुपारपर्यंत ती माझ्या खिशात होती, सासऱ्याला मी गप्प राहायला सांगितलं होतं, हे कुठंच नव्हतं. बाईंनी मला वाचवलं होतं. न मागता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! छातीवरचा दगड उतरला. घरी बायको आहे, मुलगी दहावीला आहे. मी ते वाक्य तसंच टाइप केलं.

मग पुढची दोन पानं टाइप केली. मग मागं आलो आणि त्या वाक्याखाली आणखी तीन वाक्यं घातली. चिठ्ठी मी घेतली. ती मी लपवली आणि साक्षीदाराला खोटं सांगायला शिकवलं. खाली माझं पूर्ण नाव.

बाईंनी अहवाल सहीसाठी घेतला. वाचताना त्या पानावर थांबल्या.

"हे मी लिहिलेलं नाही."

"नाही."

"साहेब तुला ठेवणार नाहीत."

"माहीत आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांच्या डोळ्यांत इतकी माया होती की मला तिथं बघवेना. "अरे, तू ती परत दिलीस ना? यानं कुणाचं भलं होणार आहे? काढून टाक, असं मी म्हटलं तर?"

"म्हणू नका, बाई," मी म्हटलं. "तुम्ही म्हटलं तर मी काढीन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पेन उघडलं आणि सही केली.